चौसष्ट दाणे : सातवीच्या गावमोजणीच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

प्रकल्पाचं नाव पोरांनीच ठरवलं, 'आमचं गाव, आमची मोजणी'. सातवीत २३ जण, चार गट. गावातल्या विहिरी, बोअर, जनावरं, दुकानं, झाडं मोजायची, मोठ्या माणसांना विचारायचं आणि त्यावर इंग्रजीत वीसेक वाक्यं लिहायची. २६ जानेवारीला त्याचा फ्लेक्स शाळेच्या व्हरांड्यात लागेल. फ्लेक्सचा खर्च माझ्या खिशातून.

मुळात हे का काढलं ते पोरांना सांगितलेलं नाही. सहामाहीच्या पेपरात 'मेनी' आणि 'मच'च्या रिकाम्या जागा बहुतेकांनी बरोबर भरल्या होत्या. त्याच पेपराच्या मागच्या पानावर, निबंधात, 'माय व्हिलेज हॅज मच ट्रीज'. हवं होतं 'मेनी'. रिकाम्या जागेत दोनच पर्याय असतात, त्यात अंदाज लागतो. निबंधात पर्याय कोण देणार? तेव्हा पोरांना खरंच काहीतरी मोजायला लावू, मग बघू, असा विचार केला.

नोंदी माझ्यासाठी आहेत. पुढच्या सातवीला हाच घोळ नको.

५ डिसेंबर, गुरुवार

प्रश्नावली तयार झाली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठी प्रश्न वाचताना इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. सगळीकडे 'किती'. म्हशी किती, दूध किती, बोअर किती, पाणी किती, पैसे किती, वेळ किती. म्हैस असो नाहीतर दूध, 'किती'ला दोन्ही सारखंच. 'थोडा, थोडी, थोडं' लिंग-वचन बघतात, पण मोजता येतंय का असं तेही विचारत नाहीत. थोडं दूध, थोडी माणसं. कमी, जास्त, पुष्कळ, लई, सगळ्यांचं तसंच. एकटा 'अनेक' तेवढा खवचट आहे. अनेक म्हशी म्हणता येतं, अनेक दूध म्हणता येत नाही. पण 'अनेक' हा पोरांच्या तोंडचा शब्द नाही, पुस्तकातला आहे.

म्हणजे आमच्या पोरानं आयुष्यात जो प्रश्न कधी विचारलाच नाही, तो इंग्रजी त्याला वाक्याच्या पहिल्या शब्दालाच विचारते. आणि आपण म्हणतो, लक्ष देत नाही.

फळ्यावर नियम लिहिला. मोजता येतं त्याला 'मेनी', येत नाही त्याला 'मच'. 'हाउ मेनी बफलोज', 'हाउ मच मिल्क'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, जमलं.

९ डिसेंबर, सोमवार

नाही जमलं.

आज धान्यं आणायला सांगितली होती. तूर, हरभरे, गहू, ज्वारी, शेंगदाणे, मसूर अशा कागदाच्या पुड्या टेबलावर मांडल्या. पोषण आहाराच्या खोलीतून मूठभर तांदूळ मी आणले. एकेका पुडीवर 'मेनी' की 'मच' ही चिठ्ठी ठेवायची. शेंगदाण्यावर 'मेनी', बरोबर. हरभऱ्यावर 'मेनी', बरोबर. गव्हावर चौघांनी 'मेनी' ठेवली. मी म्हणालो, गव्हाला 'मच'.

शेवटच्या बाकावरचा एकजण, ज्याचे वडील लातूरच्या आडतीवर हमाली करतात, काही न बोलता गव्हाची पुडी घेऊन खाली फरशीवर बसला. बोटानं एकेक दाणा बाजूला सरकवत राहिला. मी दुसऱ्या गटाकडे गेलो. पाचेक मिनिटांनी हात वर.

"सर, मोजले. चौसष्ट हायेत."

"बरं."

"मोजता येतंय की मग. मच कामून?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. नियम माझाच, फळ्यावर माझ्याच अक्षरात. गहू हातानं नाही, पोत्यानं मोजतात, असलं काहीतरी मी बोललो. त्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझी सुटका करायचा प्रयत्न केला. तिचं म्हणणं, बारीक दाण्याला 'मच' असेल, मोठ्याला 'मेनी'. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण मसुराची पुडी शेजारीच होती. मसूर गव्हाएवढाच, आणि इंग्रजीत 'लेंटिल्स', 'मेनी लेंटिल्स'. तीही वाट बंद झाली.

"उद्या सांगतो" म्हणून तास संपवला.

१० डिसेंबर, मंगळवार

रात्री शब्दकोश घेऊन बसलो. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत नामापुढे 'सी' किंवा 'यू' असं एक अक्षर छापलेलं असतं. 'सी' म्हणजे मोजायचं नाम, 'यू' म्हणजे न मोजायचं. वीस वर्षं हे पुस्तक माझ्या टेबलावर आहे आणि त्या अक्षराकडे मी कधी बघितलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

'व्हीट'पुढे 'यू'. 'ओट्स' मात्र कायम अनेकवचनी. दोन्ही धान्यंच, दोन्ही पोत्यातच येतात. दाण्यात काही फरक नाही. फरक शब्दात आहे. इंग्रजीनं गव्हाकडे रास म्हणून बघितलं आणि ओट्सकडे दाणे म्हणून. कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. आपण तरी 'डाळ शिजली' म्हणतो आणि 'तांदूळ निवडले' म्हणतो. निवडताना दोन्ही सुपातच असतात.

वर्गात आधी कबुली दिली की कालचा नियम अर्धाच होता. मग फळ्यावरून तो पुसून नवा लिहिला: वस्तू मोजू नका, शब्दाला विचारा. शब्दाच्या आधी 'वन' चालतो का, शेवटी 'एस' लागतो का. 'वन व्हीट' नाही, 'व्हीट्स' नाही, म्हणून 'मच व्हीट'. दाणेच मोजायचे असतील तर दाण्याचं नाव घ्या, 'सिक्स्टी-फोर ग्रेन्स ऑफ व्हीट'.

"सर, शितावरून भाताची परीक्षा," पहिल्या बाकावरून आवाज आला.

भात मोजत नाहीत, शीत मोजतात. इतकं नेमकं उदाहरण मला रात्रभर सुचलं नव्हतं. म्हण फळ्यावर लिहिली आणि दिवसभर पुसू दिली नाही.

चौसष्ट दाण्यांची पुडी कपाटात ठेवली आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस गेला. तास नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

शब्दांची छाननी. पोरांनी वहीत दोन रकाने केले. मराठी जिथं दगा देते ते शब्द एका रकान्यात, जिथं सांभाळून घेते ते दुसऱ्यात.

दगा देणारेच जास्त निघाले. मराठीत केस पिकतात, अनेकवचनात. म्हणून 'माय ग्रँडफादर्स हेअर्स आर व्हाइट'. डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत एकच 'हेअर'. 'हेअर्स' म्हटलं की सुटे केस, भाजीत सापडावेत तसले. मराठीत बातम्या असतात, इंग्रजीत 'न्यूज' एकवचनी, शेवटी 'एस' असूनही. दोन सल्ले दिले की 'टू अॅडव्हायसेस' होतं, हवं 'टू पीसेस ऑफ अॅडव्हाइस'. दोन खडू, दोन साबण, दोन पाव. आपण हे सगळं सुटं मोजतो. इंग्रजीत खडूचे तुकडे, साबणाच्या वड्या, पावाच्या लाद्या किंवा चकत्या मोजायच्या. कामं, 'वर्क्स'. गृहपाठ, 'होमवर्क्स'. आणि पैसे. पैशावर मोठा वाद झाला. "बाप रोज रात्री मोजतोय की, सर!" मोजतो, पण मोजतो ते रुपये. 'हाउ मच मनी', 'हाउ मेनी रुपीज'.

दुसऱ्या रकान्यात 'माहिती' आणि 'सामान'. आपण 'माहित्या' म्हणत नाही, 'सामानं' म्हणत नाही. त्यामुळे 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' हे शब्द मराठीचा हात धरून बरोबर लिहिता येतात. आणि तरीही गावातले सुशिक्षित लोक 'इन्फर्मेशन्स' लिहितात! ते मराठीतून येत नाही, मोठ्या इंग्रजी शब्दाला मोठं शेपूट हवं या समजुतीतून येत असावं.

आज सगळ्यात रंगलं ते 'पाणी'. पाणी मोजता येत नाही हे फळ्यावर आलं आणि मागून एकजण म्हणाला, "आमच्या गव्हाला चार पाणी झाले, सर. पाचवं देऊलालाव." खरंच की. शेतात पाणी मोजतात. हरभऱ्याला दोन पाणी, गव्हाला पाच. पाऊसही मोजतात, "यंदा चार पाऊस चांगले झाले". तिथं पाणी म्हणजे पाणी देण्याची पाळी, पाऊस म्हणजे पावसाची एक खेप. इंग्रजीतही हॉटेलात 'टू टीज' म्हणतात, तिथं टी म्हणजे कप. पण 'फाइव्ह वॉटर्स' लिहिलं तर वाचणाऱ्याला बाटल्या दिसतील. शेवटी लिहिलं, 'वुई वॉटर्ड द व्हीट फाइव्ह टाइम्स'. नामाचं क्रियापद केलं आणि सुटलो.

'चार पाऊस'चं इंग्रजी मात्र राहिलं. 'इट रेन्ड वेल फोर टाइम्स' बरोबर आहे, पण त्यात आमचा पाऊस नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

शनिवारी-रविवारी गटांनी मुलाखती घेतल्या. आज त्यांची वाक्यं तपासली.

मारुतीच्या पारामागच्या विहिरीवर एका आज्जींना पोरींनी विचारलं, विहिरीला पाणी किती आहे. आज्जींचं उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवलंय: "हाय थोडं. उन्हाळ्यापतोर पुरंल." त्याखाली इंग्रजी: 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल'.

हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे. 'वॉटर'ला 'लिटल' लागतं, 'फ्यू' लागत नाही, तिथं मार्क कापता येत नाही. पण त्याचा अर्थ असा की विहिरीला पाणी जवळपास नाहीच. तहसीलमध्ये इंग्रजी वाचणारा कुणी असला तर टँकर सुरू करेल. आज्जी म्हणत होत्या पाणी आहे. त्याला हवं होतं 'अ लिटल'.

मी फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल असा चौकोन फळ्यावर काढायला लागलो होतो. नेहमीसारखं, एक नकारार्थी, एक होकारार्थी. पोरांचे डोळे जड झाले. तेवढ्यात ती मुलाखत घेणारीच म्हणाली, "पण सर, आज्जीच्या बोलण्यात 'च' नव्हता."

खडू हातातच राहिला. 'थोडंच पाणी आहे' आणि 'थोडं पाणी आहे'. एक 'च' आला की हळहळ आली. 'थोडीच मुलं आली', म्हणजे सभा पडली. 'थोडी मुलं आली', म्हणजे निदान सुरू तरी करता येईल. इंग्रजीत नेमकं हेच काम 'अ लिटल'मधला 'ए' करतो, फक्त उलट्या बाजूनं. 'ए' असला तर थोडं आहे, 'ए' नसला तर थोडंच आहे. मोजणाऱ्या नामाला 'फ्यू', न मोजणाऱ्याला 'लिटल', ते वेगळं. पण दुखायचं की नाही, हे 'ए' ठरवतो.

हमालाचा पोरगा म्हणाला, "म्हंजे आपण च लावला की कमी, त्यांनी ए काढला की कमी." हे वाक्य मी वर्गाच्या दारावर लिहून लावलंय.

गावातल्या बाकीच्या वाक्यांवर हात फिरवला. म्हशी आता थोड्याच घरांत उरल्यात, 'फ्यू बफलोज'. तिथं 'ए' नको, तिथं हळहळ खरी आहे.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस. बाहेरच्या जिल्ह्यातल्या मित्रांना दर वर्षी सांगावं लागतं की मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या आमच्याकडे लातूर-धाराशिवात दिवाळीएवढी मोठी. गाव ओस, सगळे शेतात. शाळेला सुट्टी. एका पालकाच्या शेतात कडब्याच्या कोपीजवळ जेवलो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर.

नोंद कामाची म्हणून लिहितो. पोरं तिथंही सुटली नाहीत. "सर, उंडे?" 'मेनी'. "आंबील?" 'मच'. "खीर?" 'मच'. भज्जीवर अडलं. पुण्याकडचा माणूस भज्जी ऐकली की कांदाभजी समजतो, आणि ती एक-दोन-तीन मोजता येतात. आमची भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या भाज्या घालून बेसनात शिजवलेली पळीवाढी चीज. भजी 'मेनी', भज्जी 'मच'. एका जोडाक्षराचा फरक.

घरच्या आज्जी पळी घेऊन उभ्या. "गुरुजी, थोडी घ्या." मी म्हणालो, "थोडीच वाढा." पोरं फिस्सकन हसली. आज्जींना कळेना काय झालं. पळी पूर्ण वाढली.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सकाळी सावित्रीबाईंची जयंती, भाषणं. दुपारी 'लेस' आणि 'फ्युअर'.

आमच्यासाठी दोन्ही 'कमी'. नियम सांगायला सोपा: 'फ्युअर ट्रीज', 'लेस वॉटर'. पण हा नियम 'मेनी-मच'एवढा जुना किंवा पक्का नाही, आणि तेही पोरांना सांगायला हवं असं मला वाटतं. इंग्रज शेकडो वर्षं 'लेस' दोन्हीकडे वापरत होते. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं लिहिलं की संख्येबद्दल बोलताना 'लेस'पेक्षा 'फ्युअर' आपल्याला जास्त शोभिवंत आणि जास्त बरोबर वाटतं. स्वतःची आवड म्हणून लिहिलं. पुढच्यांनी त्या आवडीचा कायदा केला. त्यावरून तिकडे अजून वाद चालतात. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीत कमी सामान असलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. लोकांनी चूक काढली. २००८ मध्ये त्यांनी नवी पाटी केली, 'अप टू टेन आयटम्स'. 'लेस'ही नाही, 'फ्युअर'ही नाही, भांडण मिटलं.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना माझं हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, नियम सांगायचा आणि गप्प बसायचं, पोरांना त्यामागची भांडणं कशाला. त्यांचीही बाजू आहे. पेपर तपासणारा बेकरचं वय बघणार नाही, 'लेस ट्रीज'ला गोल करेल. म्हणून मी सांगितलं, लिहिताना 'फ्युअर'च लिहा, ऐकताना 'लेस' आला तर कुणाला हसू नका. कुठल्या इंग्रजी चुकीवर हसायचं आणि कुठल्या नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. एवढं पुरे.

अंतर, पैसे, वजन, वेळ यांना आकडा असूनही 'लेस' लागतो. 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स'. पाच सुटे किलोमीटर कुणी मोजत नाही, तेवढा एक रस्ता. मराठीत 'पाच किलो गहू लागला' म्हणतो, 'लागले' नाही, तसंच. हे एका फटक्यात कळलं. 'ईच', 'एव्हरी'लाही वेळ लागला नाही. 'प्रत्येक घर' मराठीतही एकवचनीच.

८ जानेवारी, बुधवार

भांडी आणि मापं.

सुरुवात रेल्वेपासून केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ही पोरं तेव्हा तीन-चार वर्षांची, आठवण कुणाला नाही, पण घरात ऐकलेलं सगळ्यांना. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत साधारण ५०,००० लिटर. फळ्यावर: 'हाउ मेनी वॅगन्स?' 'टेन'. 'हाउ मच वॉटर?' 'फाइव्ह लाख लिटर्स'.

"५ लाख आकडाय, सर. मग मेनी पाहिजे."

'हाउ मेनी लिटर्स' म्हटलं तर 'मेनी'. पाणी तेच, टाकीही तीच. विचारायचा शब्द बदलला की 'मेनी'चा 'मच' होतो. आता हे त्यांना पटतं. गव्हाच्या पुडीनंतर हात वर करणारे शंका घेतात, पण उत्तर त्यांनाच माहीत असतं.

मग घरातली मापं काढली. शेर, पायली, पोतं, घागर, हंडा, मूठ, चिमूट. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हे पोरांना ऐकूनही माहीत नव्हतं, दोघींच्या आज्ज्यांनी नंतर निरोप पाठवून मापटं दाखवायला बोलावलंय. ही मापं म्हणजे न मोजता येणाऱ्याला मोजायला दिलेली हातोटी. आणि इथं एक चूक सगळ्यांची सारखी निघाली. २३ पैकी १९ वह्यांत 'टू पॉट्स वॉटर', 'थ्री बॅग्स राइस'. मधला 'ऑफ' गायब. कारण साधं आहे, आपण 'दोन घागरी पाणी' म्हणतो, 'दोन घागरी पाण्याच्या' म्हणत नाही. मराठीत दोन नामं एकमेकांना खेटून उभी राहतात, इंग्रजीला मध्ये कडी लागते. 'एस' लागतो तो भांड्याला, पाण्याला नाही. हा धडा कुठल्याच पुस्तकात 'मेनी-मच'च्या शेजारी मी बघितलेला नाही, तो तिथंच पाहिजे.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, आज वर्गात तीळगुळाचे हात. मसुदा पक्का करायचा होता.

वीस वाक्यं ठरली. तीन ठिकाणी अडलो.

पहिलं, माझा 'ए आणि च'चा सिद्धांत. एका पोरानं गाईडमधून 'ओन्ली अ फ्यू' शोधून आणलं. 'ए' तर आहे, पण अर्थ 'थोडेच'. मी म्हणालो, 'ओन्ली' हाच तिथं 'च'. ते चाललं. मग त्यानं 'क्वाइट अ फ्यू' काढलं. त्याचा अर्थ चक्क 'बरेच'. तिथं सिद्धांत मोडला. दारावरच्या कागदाखाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं: 'क्वाइट आला की पळा.' राहू दिलं.

दुसरं, 'अ नंबर ऑफ गोट्स आर' की 'इज'. 'अ नंबर ऑफ' म्हणजे बऱ्याच शेळ्या, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ गोट्स' म्हणजे शेळ्यांची संख्या, ती एकच, म्हणून 'इज'. 'अमाउंट ऑफ गोट्स' दोघांनी लिहिलं होतं, तिथं नुसतं "शेळ्यांचा ढीग का?" एवढं विचारलं, खोडरबर निघालं. आणि जिथं काहीच सुचणार नाही तिथं 'अ लॉट ऑफ' लिहा, ते शेळीलाही चालतं आणि दुधालाही. बाई म्हणतात, ही पळवाट आहे. आहेच. पावसात धर्मशाळेत थांबतो माणूस.

तिसरं, विहिरींचं वाक्य. गटानं अकरा विहिरी बघितल्या, पाचांत पाणी होतं. 'अ फ्यू वेल्स स्टिल हॅव वॉटर' की नुसतं 'फ्यू'? आज्जींची मुलाखत घेणारी म्हणाली, जानेवारीत पाच विहिरींना पाणी आहे, ही चांगली गोष्ट, 'अ फ्यू' लिहा. हमालाचा पोरगा म्हणाला, अकरातल्या पाचच, आणि पुढं उन्हाळा आहे, 'फ्यू' लिहा. दोघंही बरोबर. व्याकरण दोन्ही वाक्यं पास करतं. कुठल्या तोंडानं सांगायचं एवढंच उरतं, आणि ते मी ठरवणार नव्हतो. हात वर केले, 'अ फ्यू'ला १४, 'फ्यू'ला ९.

२१ जानेवारी, मंगळवार

मजकूर तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याला दिला. संध्याकाळी एसटीत असताना व्हॉट्सअॅपवर नमुना आला. ठीक आहे म्हणून कळवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

फ्लेक्स आला. सहा बाय चार, मधोमध पोरांनी काढलेलं गावाचं चित्र. सुंदर. सगळे गोळा झाले. दोन मिनिटांत एक बोट अकराव्या ओळीवर गेलं.

'फ्यू वेल्स स्टिल हॅव वॉटर'.

'ए' गेला. ओळ रकान्यात बसवताना उडाला असणार, आणि पुढच्या 'एफ'ला त्यांनी नीट मोठं अक्षरही करून दिलंय. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर, हलत्या एसटीत, मला ते दिसलं नाही. चूक माझी. दुसरा फ्लेक्स करायला पैसे नाहीत.

"आमचं निवडून आलं," ९ मतांवाले म्हणाले.

२५ जानेवारी, शनिवार

त्या मुलीनं घरून पांढरा स्टिकर कागद आणला. मोठ्या 'एफ'वर बसेल एवढी पट्टी कापली आणि तिच्यावर काळ्या मार्करनं मोठा 'ए', थोडी जागा, छोटा 'एफ'. जागा कमी म्हणून 'ए' थोडा उभट झाला. पट्टी लावायला तिनं हमालाच्या पोरालाच स्टुलावर चढवलं, त्याचा हात उंच पोचतो म्हणून. त्यानं बोटानं कडा दाबल्या, गव्हाचे दाणे सरकवले होते तशाच, एकेक.

२७ जानेवारी, सोमवार

काल कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी फ्लेक्ससमोर फोटो काढले, वाचला असेल-नसेल. पारामागच्या आज्जी आल्या होत्या. त्यांनी पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे काय चिकटवलं. मुलगी म्हणाली, "आज्जी, तुमचं 'थोडं' हाय ते."

रात्रीच्या वाऱ्यानं पट्टीचा एक कोपरा सुटला. आज चिकटपट्टी मारायला निघालो तर हमालाचा पोरगा म्हणाला, "सर, लई पक्की मारू नका."

"का रे?"

"एप्रिलात विहिरी परत बघू. आटल्या तर नुसती काढायची. खालचं छापलेलंच हाय."

दोघांनी वहीत तारीख घातली आहे, १५ एप्रिल.